पाणी शिरतं कुठून

८ मे

आमच्या उमरखेडच्या मंडळाची बोट आज जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये ट्रेलरसकट आणून लावली. माझ्याकडे यायच्या आधी ती बऱ्याच हातांतून गेली आहे, हे तळ बघूनच कळतं. कोणी एम-सीलचे गोळे थापलेत, कोणी पारदर्शक सिलिकॉन फासलंय, एका जागी तर चक्क डांबर. सगळ्यांची तक्रार एकच: पाणी येतं. जिथे ओल दिसली तिथे लिंपलं आणि हात धुतले.

सव्वाचार मीटर लांबी, फायबरचा कठीण तळ, भोवती नारिंगी ट्यूब, मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन. पुराच्या फोटोंत आपल्याला दिसतात त्या बहुतेक बोटी मऊ तळाच्या, हवा काढून गुंडाळता येणाऱ्या. ही तशी नाही. खाली कण्याकडे निमुळता होत गेलेला तळ, वर डेक चिकटवलेला, आणि दोहोंच्या मध्ये बंद पोकळी. त्या पोकळीत पाण्याचा थेंब असता कामा नये.

उमरखेडला बोट कशाला, असं बाहेरचा माणूस विचारतो. २८ सप्टेंबर २०२१ ला नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी गावाबाहेर दहागावच्या नाल्यावरून वाहून गेली. नदीवरून नाही, नाल्यावरून. त्या सकाळी काठावर उभ्या असलेल्यांत मंडळातली पोरंही होती. पुढे जुलै २०२३ मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढा घातला, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलावण्यापर्यंत वेळ आली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची (एसडीआरएफ) तुकडी नागपुरातून निघते. रस्ता अडीचशे किलोमीटरच्या वर, तोही त्याच पावसातून. म्हणून मंडळाने वर्गणी काढून समुद्राकाठची ही जुनी बोट घेतली. गेल्या पावसाळ्यात पैनगंगेवर नेली तर थोड्या वेळात मागून बसायला लागली. तेव्हापासून अंगणात उभी.

१० मे

बोटीतल्या पाण्याचे प्रकार आधी वेगळे केले पाहिजेत. लाटेचं वा माणसांच्या कपड्यांचं पाणी डेकवर राहतं, ते दिसतं. तळातून शिरलेलं पाणी पोकळीत जातं, ते दिसत नाही. आणि तिसरं पावसाचं. त्याचा विचार कोणी करत नाही.

मागच्या उभ्या फळीला, जिच्यावर इंजिन टांगतात त्या ट्रान्समला, खाली एक बूच असतं. ते गंजून बसलं होतं. पान्याने सोडवलं तर काळपट, कुबट वासाचं पाणी यायला लागलं. जॅक लावून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचलली तशी धार मोठी झाली. तेलाच्या डब्याने मोजून ड्रममध्ये ओतत गेलो. सत्तर लिटरच्या पुढे भरलं.

गेल्या पावसाळ्यानंतर बोट नदीत गेलेलीच नाही, असं सगळे शपथेवर सांगतात. दिवाळीपासून उघड्यावर होती म्हणे, त्याआधीही उघड्यावरच. म्हणजे यातलं बरंचसं पाणी बोटीच्या खालून नाही, वरून आलं. पैनगंगेला दोष देण्याआधी हे लिहून ठेवलं पाहिजे.

सत्तर लिटर म्हणजे सत्तर किलो, एक धडधाकट माणूस. पण माणूस सांगितलं तिथे बसून राहतो. पोकळीतलं पाणी बोट कलली की कललेल्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. इंजिनाने जोर धरला की सगळं मागे जातं, नाळ वर, मागची बाजू खाली. बोटीवर 'इतकी माणसं' असा आकडा लिहिलेला असतो तो कोरड्या बोटीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीकडे ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, ती गळती म्हणून नाही, माणसं जास्त झाली म्हणून. इथे माणूस न चढवताच एक जागा भरलेली होती.

१३ मे

ट्यूब बघायला पंक्चरवाल्या चाचांना आणलं. ट्रकचे टायर खोलण्यात त्यांचा जन्म गेला, हवेची भाषा त्यांना कळते. साबणाचा फेस लावून कप्पा न् कप्पा तपासला. एका व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक बुडबुडे, बाकी ट्यूब शाबूत. व्हॉल्व्ह साफ करून आवळला, थांबलं.

एका जुन्या ठिगळाची कड उचलली होती. चाचांनी सवयीने सोल्युशनची ट्यूब काढली. मी म्हटलं, थांबा. ही टायरची रबर नाही. बोटींच्या ट्यूब दोन जातींच्या, एक पीव्हीसी आणि दुसरी हायपालॉन नावाने चालते ती. पहिलीला पॉलियुरेथेनचा गोंद लागतो, दुसरीला निओप्रीनचा, दोन्ही दोन भाग मिसळून करायचे. सायकलचं सोल्युशन आठवडाभर धरतं, मग उन्हात सुटतं. चाचा ठिगळाकडे बघत म्हणाले, "सर, म्हणजे हे आमच्यातल्याच कोणाचं काम हाय." मग हसले आणि ते ठिगळ कडेपासून कडेपर्यंत काढून टाकलं. नवं लावायला गोंद नांदेडहून मागवायचा.

दुपारी ट्यूब ढोलासारखी टणक झाली. सकाळी साडेतीन पौंड भरलेली हवा उन्हात कागदावर तरी पाचाच्या वर जाते. मेमध्ये बोट पूर्ण फुगवून उन्हात ठेवणाऱ्याने ट्यूबचे सांधे स्वतःच उसवायला घेतले असं समजावं. हवा निम्मी सोडली, वर ताडपत्री.

१६ मे

आज पोकळीत पाणी भरलं. तळात छिद्र असेल तर बाहेरचं पाणी आत येतं तसं आतलं बाहेरही येतं. आणि मेमध्ये आमच्याकडे बोट बुडवायला पाणी कुठे आहे? पैनगंगेत डोह तेवढे राहिलेत, इसापूरचा जलाशय लांब. म्हणून नदी बोटीत आणायची.

ही म्हणाली, "लोक टँकरच्या मागे धावून राहिले, आन् तुम्ही बोटीला पाणी पाजा." उत्तर नव्हतं. शेजारच्या शेतातल्या बोअरचं पाणी ड्रमने विकत आणलं आणि खाली घमेली मांडली, म्हणजे गळेल ते म्हशीच्या हौदात जाईल. (गेलंही. पुढे पाण्यात रंग घातला, त्याआधीचं.)

पोकळी गच्च भरायची नाही. तीनशे लिटर ओतलं तर तीनशे किलो, आणि ते सगळं ट्रेलरच्या चार रोलरांवर. तळ बाहेरून पाण्याचा दाब सोसायला केलेला असतो, आतून दोन बोटांच्या रोलरवर टेकायला नाही. चार बोटं पाणी घालायचं, नाळ उचलायची, थांबायचं. मग मागची बाजू उचलायची, पुन्हा थांबायचं. पाणी सगळीकडे फिरवून आणायचं.

थेंब पडले दोन जागी. पण थेंब जिथे पडतो तिथे छिद्र असतंच असं नाही. तळाच्या कडेला पन्हाळ असते, तिच्यावरून पाणी हातभर वाहत जातं आणि सोयीच्या जागी टपकतं. आधीच्यांनी लिंपलेल्या जागा बहुतेक अशा टपकण्याच्याच आहेत.

आयटीआयमध्ये टाकीचं वेल्डिंग तपासायला आम्ही एका बाजूला खडूचा लेप द्यायचो, दुसऱ्या बाजूने रॉकेल. सांधा फुटका असेल तर खडूवर काळी रेघ उमटते. इथे रॉकेल चालत नाही, कारण तेल लागलेल्या फायबरला नंतर रेझिन धरत नाही. तेव्हा पाण्यात विहिरीत टाकतात ते लाल औषध घातलं आणि तळ कोरडा पुसून वर रांगोळी चोळली. तासाभरात दोन्ही उगम गुलाबी होऊन समोर आले. एक बुचाच्या नळीभोवती: ट्रान्सममधून आरपार जाणारी ती नळी बसवताना लावलेलं सील वाळून गेलंय. दुसरा कण्यावर, नाळेपासून हातभर मागे, बरोबर डांबराच्या खाली.

१९ मे

पाण्याने खालची छिद्रं सांगितली. वरची सांगायला हवा.

बंपरला फायबर मारणारा पोरगा मदतीला येतो. हुशार आहे आणि घाईचा आहे. चाचांच्या कॉम्प्रेसरचा पाइप त्याने बुचाच्या भोकाला लावायला घेतलाच होता. त्याला जमिनीवर खडूने हिशेब करून दाखवला. एक पौंड दाब म्हणजे सत्तर सेंटिमीटर पाणी, म्हणजे चौरस मीटरला सातशे किलो. डेक दोन चौरस मीटर धर. एका पौंडाला दीड टनाच्या जवळपास जोर डेकला खालून उचलतो. आणि कॉम्प्रेसरवर शंभर पौंड. पोरग्याने पाइप खाली ठेवला.

मग बुचाच्या भोकात रबरी गुडदी बसवून पायपंप जोडला आणि पारदर्शक नळीत पाणी घालून यू आकाराचा दाबमापक केला. दहा सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही. तेवढ्यानेही दोनशे किलो होतात, पण ते सगळीकडे वाटले जातात.

साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो आणि बोट बोलायला लागली. सीटच्या स्क्रूंभोवती फेस. नाळेच्या ओढकडीला फेस. इंजिनाच्या चार बोल्टांपैकी खालच्या उजव्याला बारीक, चिवट फेस. ट्यूब आणि तळ जिथे चिकटतात त्या पट्टीवर काही नाही, ते बरं झालं. तो सांधा सुटला असता तर आमच्या आवाक्याबाहेरचं काम होतं.

हिशेब असा लागतो. पाण्याखाली राहणारी छिद्रं कमी, पाण्यावर राहणारी जास्त. सीटच्या स्क्रूंतून पावसाळाभर थेंब थेंब आत, बूच घट्ट लावलेलं, म्हणून बाहेर नाही. बोट तरंगत होती तेव्हा कमी भरली, जमिनीवर उभी होती तेव्हा जास्त.

२१ मे

नदीकाठच्या गावातले भोईबुवा लग्नाला उमरखेडला आले होते, त्यांना मुद्दाम शेडमध्ये नेलं. त्यांनी ट्यूबकडे बघितलंच नाही. खाली वाकले, कण्यावरून तळवा फिरवला आणि विचारलं, "हिला वढत कोण नेते?"

मार्लेगावच्या पुलाशी बोट उतरवताना पोरं ट्रेलर काठापर्यंत नेतच नाहीत, चिखलात रुततो म्हणून. गोट्यांवरून ओढतात. नाळेपासून हातभर मागे, तीच जागा आधी टेकते.

बुवा म्हणाले, फळ्यांची नाव उन्हात ठेवली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात बुडवून ठेवली की फुगून आपोआप बंद होतात. "हिचं उलटं दिसते." उलटंच आहे. फायबर फुगून भरून येत नाही. वरचा गुळगुळीत थर घासला गेला की खालची काचेची जाळी उघडी पडते आणि तिच्या धाग्याधाग्याने पाणी आत सरकतं.

२५ मे

रोहिणी लागली. शेडखाली पारा चव्वेचाळीस. डांबर खरवडलं, पुट्टीचे गोळे छिन्नीने उडवले. सिलिकॉनने सगळ्यात छळलं. दिसत नाही, पण एक पापुद्रा मागे ठेवतं आणि त्यावर पुढचं काहीच धरत नाही. ब्लेडने खरवड, ॲसिटोनने पूस, कापड फेकून दे, नवं घे.

एम-सीलशी माझं भांडण नाही. नळाच्या पाइपला ते उत्तम, कारण पाइप हलत नाही. बोटीचा तळ प्रत्येक लाटेला वाकतो, गोळा वाकत नाही. कडेने सुटतो आणि खाली पाणी धरून ठेवतो.

ग्राइंडर लावल्यावर डांबराखाली करंगळीएवढी चीर निघाली, आजूबाजूचं फायबर काळसर आणि भुसभुशीत. नाण्याने ठोकत गेलो. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाज संपेपर्यंत खडूने रेघ मारली आणि सगळं घासून काढलं. उतार जाडीच्या बारापट ठेवायचा. तळ सहा मिलिमीटर, म्हणजे चिरेभोवती सव्वासात सेंटिमीटर. पोरगा म्हणाला, "एवढीशी चीर आन् केवढं भगदाड करून राहिले सर." नवीन थराला जुन्याला धरायला जागा द्यावी लागते, नुसतं तोंड बुजवून भागत नाही.

काचेची भुकटी मानेत, कोपरात, सगळीकडे. गार पाण्याने अंघोळ करायची. गरम पाण्याने ती आणखी रुतते अशी समजूत आहे. खरी असो नसो, या दिवसांत गरम पाणी कोणाला हवंय.

२९ मे

वाळायला दिवस दिले. या एका गोष्टीत विदर्भाचा उन्हाळा कोकणाला भारी.

रेझिनचं काम मात्र याच उन्हाळ्यात अवघड. डब्यावर दोन टक्के हार्डनर लिहिलंय, ते पंचवीस अंशांचं. आपल्याकडे भर दुपारी दोन टक्के घातलं तर ब्रश बुडवेपर्यंत वाटीत दगड होतो, वाफा निघतात, प्लास्टिकची वाटी वाकते. म्हणून पहाटे पाचला सुरुवात, एक टक्का, आणि एका वेळी वाटीभरच. पोरग्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: कोबाल्टचं जांभळं औषध आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. थेट मिसळले तर पेट घेतात, स्फोटही होतो. आमचा कोबाल्ट आधीच मिसळून आलेला होता, तरी बंपरच्या दुकानात दोन्ही बाटल्या एका फळीवर असतात म्हणून सांगितलं.

मॅटचे तुकडे लहानमोठे कापून ठेवले होते. एकेक थर, त्यावर रोलर, पांढरा ठिपका दिसला की हवा राहिली, ती दाबून काढायची. सूर्य जिनिंगच्या पत्र्यावर यायच्या आत काम संपलं. पोरग्याचा हात रोलरवर छान बसलाय. माझा आता थरथरतो, म्हणून थर तोच देतो आणि मी वाटीकडे आणि घड्याळाकडे बघतो.

२ जून

बोल्ट. या कामाला मी सगळ्यात भीत होतो, कारण ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं. बोल्टाच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं तर लाकूड आतल्या आत कुजतं, वरून फायबर छान चकचकीत, आणि एक दिवस इंजिन फळीसकट मागे झुकतं. बारीक ड्रिलने तपासलं. भुसा पिवळट आणि कोरडा आला. फक्त खालच्या उजव्या भोकाच्या कडेला नखभर काळं.

भोकं मोठी पाडली, आतलं लाकूड सुकवलं, इपॉक्सीने भरली आणि घट्ट झाल्यावर त्यातून नव्याने बोल्टाच्या मापाचं भोक पाडलं. आता बोल्टाला लाकूड लागतच नाही. वर पॉलियुरेथेनचं सील. आवळताना आधी हलक्या हाताने. पूर्ण आवळलं तर सगळं सील बाहेर येतं आणि धातूला धातू टेकतो. दुसऱ्या दिवशी उरलेला पाव फेरा. बुचाची नळी, ओढकडी आणि सीटचे स्क्रू याच रीतीने.

८ जून

मृगाचा पहिला सडा पडला आणि मंडळातल्या एकाने काळजीने येऊन बूच लावून ठेवलं. पाऊस बोटीत जाईल म्हणून. काढून हातात दिलं.

बोट जमिनीवर असताना बूच उघडं आणि नाळ उंच. पाण्यात उतरवताना बूच लावायचं. पहिला नियम पाळला की दुसरा विसरायची भीती, म्हणून बूच दोरीने इंजिनाच्या किल्लीला बांधलं. किल्ली लावायला गेलं की बूच हातात येतं.

५ जुलै

पैनगंगेला पाणी आलंय, गढूळ पण शांत. भोईबुवांनी दाखवलेल्या डोहात बोट उतरवली, या वेळी ट्रेलर पाण्यात चाकं बुडेपर्यंत नेऊन. माणसांऐवजी गोण्या भरल्या. वाळूच्या भरणार होतो, पण नदीकाठी वाळूची गोणी दिसली की आधी तलाठी येतो, म्हणून काळ्या मातीच्या.

तासभर नुसती उभी ठेवली. बाहेर काढून बूच उघडलं, कोरडं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांची वेळ नव्हती; उभ्या बोटीच्या ट्रान्समला काही काम नसतं. पुन्हा उतरवली आणि इंजिन पूर्ण जोरात, वळणं घेत, मागे-पुढे करत चालवलं. या वेळी चहाच्या कपाएवढं पाणी निघालं. खालचा उजवा बोल्ट. इंजिन ढकलतं तेव्हा फळी केसभर वाकते आणि तेवढ्यात तो घोट घेतो.

तिथेच काठावर सोडवून नवं सील, नट, मोठा वायसर. दोन दिवस हलवायची नाही असं सांगितलंय.

९ जुलै

पुन्हा इंजिनावर पळवली. बूच उघडल्यावर बोटाला ओल लागली, धार नाही. ही ओल डेकखाली आधीपासून असलेल्या फोमची असेल. दर महिन्याला बूच उघडून किती निघतं ते शेडच्या दारावर खडूने लिहायचं ठरलं. फोम भिजून जड झाला असेल तर पुढच्या उन्हाळ्यात डेक कापावा लागेल, ते खर्चाचं काम.

ओढण्याच्या जागेवर कण्याला जास्तीची पट्टी मारायला हवी होती. पोरगा दिवाळीनंतर मारणार आहे.

११ जुलै

खजिनदारांकडे हिशेब दिला. रेझिन, मॅट, ॲसिटोन, गोंद, सील, बोल्ट, पोरग्याची आणि चाचांची मजुरी. 'पाण्याचे ड्रम' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"सर, बोटीतलं पाणी काढायला दिलं होतं. तुम्ही भरायचे पैसे लावले?"

समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ऑडिटमध्ये हे कोण समजून घेणार, असं म्हणाले. शेवटी व्हाउचरवर 'स्वयंसेवकांसाठी पिण्याचे पाणी' असं लिहून रक्कम मंजूर झाली. जादा बूच मागवायचं राहिलंय, त्यासाठी वेगळा अर्ज द्या म्हणाले.